शून्य बिलाच्या नादी न लागता घरावर सोलर कसं बसवावं

सोलर बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो "किती किलोवॅटचं बसवू?" आणि पहिलं उत्तर मिळतं ते "तीनचं बसवा, बिल शून्य येईल." प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र तुमच्या घराचं लाइटबिल न बघता दिलेलं आहे. आमच्या घरावर सोलर बसून नेट मीटर लागेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या मी चढलो आहे. (नेट मीटर म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर; बाहेर दिलेले युनिट बिलात घेतलेल्या युनिटांतून वजा होतात.) त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना कागद जमवायला, कोटेशनं वाचायला मदत केली. त्यावरून झालेलं मत सांगतो: बिल शून्य करणं हे चुकीचं उद्दिष्ट आहे. महागडे युनिट आधी संपवायचे, स्वस्त युनिट राहिले तर राहू द्यायचे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

मी महावितरणचा ग्राहक गृहीत धरून लिहितो आहे. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचं मीटर असेल तर दरपत्रक वेगळं असेल, केंद्राची अनुदानाची योजना, पीएम सूर्यघर, मात्र तीच.

१. आधी बारा महिन्यांचं बिल समोर घ्या

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. ॲपवर किंवा वेबसाइटवर ग्राहक क्रमांक टाकला की जुनी बिलंही मिळतात. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर लिहा आणि बेरीज करा. रुपये लिहू नका, फक्त युनिट. रुपयांत थकबाकी, ठेव, समायोजन असलं काहीबाही मिसळलेलं असतं.

आता बिलाची रचना समजून घ्या. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. गेल्या काही वर्षांच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा ऊर्जा आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. तिसरा आणि चौथा त्याहून वर. त्याशिवाय प्रत्येक युनिटवर वहन आकार (वीज वाहून आणण्याचा), कधी इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार वेगळा. तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी तो येतो आणि सोलर बसवल्यावरही येतो. म्हणून "शून्य बिल" ही जाहिरातीतली भाषा समजा.

"१०१ वा युनिट पडला की सगळेच युनिट महाग लागतात" असं पुष्कळ लोक मानतात. तसं नाही. पहिले १०० स्वस्तातच लागतात, महाग पडतात ते वरचे. पण याचीच दुसरी बाजू अशी, की तुम्ही वाचवलेला प्रत्येक युनिट वरच्या, म्हणजे महागड्या टोकाकडून कमी होतो. महिना २७५ युनिट वापरणाऱ्याने ५० वाचवले तर ते सगळे महाग दराचे वाचतात. ज्याचा वापर मुळातच ८०–९० युनिट आहे, त्याला तेवढेच ५० वाचवून जेमतेम निम्मा फायदा होतो.

दरमहा १०० युनिटच्या आत वापर असलेल्या घराने कर्ज काढून ३ किलोवॅट बसवण्याच्या फंदात पडू नये. अशा घरांना १ किलोवॅट पुरतं. त्यासाठी केंद्राच्या अनुदानाच्या जोडीला राज्याची 'स्मार्ट' ही वेगळी योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि कमी वापराच्या ग्राहकांसाठी आली आहे. आपण त्यात बसतो का, ते महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या.

२. सोलरआधी घरातली गळती बंद करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण व्हेंडरला यात काही मिळत नाही.

सुरुवात पंख्यांपासून करा. जुना साधा सीलिंग फॅन ७०–७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) फॅन ३० च्या आसपास. फरक ४५ वॅटचा. दिवसाला १२ तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट, चार पंख्यांमागे ६५. चार बीएलडीसी पंखे साधारण १२ हजारांत येतात. तेवढेच ६५ युनिट सोलरने तयार करायचे तर अर्ध्या किलोवॅटहून जास्त पॅनेल लागतात आणि त्यांचा खर्च पंख्यांच्या दुपटीपुढे जातो. थंडीत पंखे बंद असतात, म्हणून वर्षाची बचत बारा पटीने न धरता नऊ-दहा पटीने धरा. तरीही पंखे जिंकतात. एक सूचना: बीएलडीसी पंखा जुन्या भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालवू नका. वायरमनला सांगून रेग्युलेटर बायपास करून घ्या.

दुसरा नंबर गिझरचा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४२ अंशांवर नेण्यासाठी साधारण ०.४ युनिट लागतो. चार माणसांच्या अंघोळी म्हणजे दिवसाला दीड-दोन युनिट. त्यात गिझर सकाळी लावून विसरायची सवय असेल तर टाकीतली उष्णता हवेत जाते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा चालू होतो. तापमान ६० वरून ५० वर आणा, वापराआधी पंधरा मिनिटं लावा, नंतर बंद करा. गच्चीवर भरपूर जागा असेल तर पाणी तापवणाऱ्या सोलर हीटरचाही विचार करा. तंत्र जुनं आहे, पण चांगलं आहे.

एसी असेल तर २४ च्या खाली आणू नका. दर एक अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. दीड टनी इन्व्हर्टर एसी तासाला एक युनिट धरला तरी रात्रीचे आठ तास म्हणजे महिन्याला २४० युनिट. एप्रिल-मे महिन्यांत याच एका यंत्रामुळे तुमचं घर वरच्या टप्प्यात जातं. स्टार बघताना लेबलवरचं वर्षही बघा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या वर्षाचे पाच स्टार नव्या वर्षाच्या पाच स्टारइतके चांगले नसतात.

राहिलेलं पटकन सांगतो. जुनी चोकवाली ट्यूब ५० वॅटच्या वर खाते, एलईडी ट्यूब २० च्या आत. सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी चालूच राहतो, तो भिंतीवरच्या बटणाने बंद करा. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि दाराचं रबर तपासा: कागद अडकवून ओढला आणि सहज निघाला तर रबर बदला.

हे सगळं करून दोन-तीन महिने बिलं बघा आणि मगच सोलरचा आकार ठरवा.

३. आकार ठरवण्याचा हिशेब

महाराष्ट्रात १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. पावसाळा, धूळ, थोडीफार सावली धरून वर्षाला १,४०० युनिट हा आकडा हिशेबाला बरा.

एक उदाहरण घेऊ. घराचा वार्षिक वापर ३,९०० युनिट. पंखे, गिझर वगैरे सुधारून तो ३,३०० वर आला, म्हणजे महिना २७५.

२ किलोवॅट बसवलं तर वर्षाला २,८०० युनिट तयार होतात आणि ५०० विकत घ्यावे लागतात. ते बहुतेक पहिल्या, स्वस्त टप्प्यातले. ३ किलोवॅट बसवलं तर ४,२०० तयार होतात. त्यातले ९०० तुमच्या वापराहून जास्तीचे, आणि वर्षाच्या शेवटी ते महावितरण अगदी कमी दराने विकत घेतं. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटने काय केलं? ५०० स्वस्त युनिट वाचवले आणि ९०० मातीमोल दराने विकले.

आता अनुदान त्याच्या शेजारी ठेवा. पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार मिळतात. म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला फक्त १८ हजार, चौथ्यापासून काही नाही. किलोवॅटमागे ६०–६५ हजारांचा भाव धरला, तर उदाहरणातल्या घराला २ किलोवॅट अनुदान वजा जाता सत्तर हजारांच्या आसपास पडेल आणि तीनएक वर्षांत वसूल होईल. तिसऱ्या किलोवॅटवर खिशातून आणखी चाळीस-पंचेचाळीस हजार जातील आणि त्यांची वसुली फार रेंगाळेल.

तीनचं बसवू नका, असा याचा अर्थ नाही. वर्षभरात एसी घ्यायचा आहे, स्वयंपाक इंडक्शनवर न्यायचा आहे, इलेक्ट्रिक स्कूटर येणार आहे, तर तीनच बसवा. नंतर एकेक पॅनेल वाढवत जाणं कटकटीचं असतं. पण व्हेंडर म्हणतो म्हणून नको.

बिलावर 'मंजूर भार' (एका वेळी किती किलोवॅटपर्यंत वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा) लिहिलेला असतो, तोही बघा. सोलरची क्षमता त्याहून जास्त असेल तर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि मंजूर भार १ किलोवॅट असलेली जुनी घरं खूप आहेत.

४. गच्चीवर जाऊन सावली बघा, डिसेंबर डोळ्यांपुढे ठेवून

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. ५४० वॅटचं एक पॅनेल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. ३ किलोवॅटला अशी सहा लागतात.

जागा मोजणं सोपं, सावली ओळखणं अवघड. व्हेंडर मे महिन्यात येतो, भर दुपारी गच्चीवर उभा राहतो आणि म्हणतो, "काही सावली नाही." मे महिन्यात कशी असेल? आपल्याकडे शून्य सावली दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, तेव्हाच असतो. तीच गच्ची २२ डिसेंबरच्या आसपास बघा. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि पाच फुटी टाकीची सावली भर दुपारी उत्तरेकडे साडेचार-पाच फूट लांब पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला तर कितीतरी जास्त. म्हणून दक्षिणेला, आग्नेयेला आणि नैर्ऋत्येला काय उभं आहे ते आधी बघा: टाकी, जिन्याची खोली, शेजारच्याचं नारळाचं झाड, आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उद्या उभी राहणारी इमारत.

सावली इतकी महत्त्वाची का? सोलरचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलांची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र. साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरवर सगळी पॅनेलं एकामागे एक जोडलेली असतात. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी सगळ्या ओळीची वीज घटू शकते. सावली टाळताच येत नसेल तर मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझरचं (प्रत्येक पॅनेल स्वतंत्र चालवणाऱ्या यंत्रणेचं) कोटेशन मागा. महाग पडतं, पण अशा गच्चीवर तेच शहाणपणाचं.

पॅनेलांची तोंडं दक्षिणेला असावीत आणि उतार १५ ते २० अंशांचा. दक्षिण जमत नसेल तर पूर्व-पश्चिम चालतं, वीज थोडी कमी मिळते. उत्तर टाळा.

गच्चीवर वाळवणं घालता, कपडे वाळत घालता, उन्हाळ्यात झोपता, तर सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर सांगा. खालची जागा मोकळी राहते आणि वरच्या मजल्याचं ऊनही कमी होतं. स्ट्रक्चरचा खर्च वाढतो आणि वाऱ्याचा दाबही वाढतो, म्हणून तिथे काटकसर नको. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) असावं, आणि जस्ताचा ८० मायक्रॉन थर कोटेशनमध्ये लिहून घ्या. कोकणात, खाऱ्या वाऱ्यात, नुसतं रंगवलेलं लोखंड फार टिकत नाही. स्लॅबला भोकं पाडून पाय बसवणार असतील तर वॉटरप्रूफिंग कोण करणार, गळलं तर जबाबदार कोण, हेही लेखी. स्लॅब आधीच गळत असेल तर ती आधी दुरुस्त करा. पॅनेलं बसल्यावर खाली वाकून वॉटरप्रूफिंग करणारा कारागीर मिळत नाही.

५. कागदपत्रं

- ताजं लाइटबिल (१२ अंकी ग्राहक क्रमांक त्यावरच असतो)
- आधार, आणि कर्ज घ्यायचं असेल तर पॅन
- घरपट्टीची पावती किंवा मालकीचा दुसरा पुरावा
- बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- चालू मोबाईल नंबर
- गच्ची सामाईक असेल तर सोसायटीचं किंवा सहहिस्सेदारांचं ना हरकत पत्र

यादी छोटी आहे, अडकवतो तो नावांचा घोळ. लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर, घरपट्टी वडिलांच्या, बँक खातं मुलाचं. अर्ज करणाऱ्याचं नाव बिलावरच्या नावाशी जुळलं पाहिजे आणि अनुदानही त्याच्याच खात्यात येतं. म्हणून आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. वारसाहक्काचे कागद लागतात, थोडा वेळ जातो, पण हे काम नंतर करू म्हटलं तर अर्ज अध्येमध्ये लोंबकळतो. नावाचं स्पेलिंगही बघा: बिलावर नुसती आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव, असं असेल तर तेही आत्ताच सुधारा. थकबाकी असेल तर भरून टाका.

६. पोर्टलवर अर्ज

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर स्वतः नोंदणी करा. राज्य, वीज कंपनी, ग्राहक क्रमांक, मोबाईल, ओटीपी. त्यानंतर अर्ज. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचांना वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अहवाल लागत नाही, ती मंजूर धरली जाते. मग नोंदणीकृत व्हेंडर निवडायचा.

व्हेंडर म्हणेल, "सगळं आम्हीच करतो, फक्त ओटीपी सांगा." करू द्या, पण मोबाईल नंबर तुमचा असू द्या आणि ओटीपी कशासाठी आला ते वाचूनच द्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून अर्ज करू नका. सरकारी पोर्टलचा पत्ता "जीओव्ही डॉट इन"ने संपतो. "सरकारकडून मोफत सोलर, फक्त नोंदणी शुल्क भरा" असा फोन आला तर ठेवून द्या.

कर्ज हवं असेल तर जनसमर्थ पोर्टलवरून सरकारी बँकांकडे अर्ज करता येतो. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला तारण लागत नाही. सोलर कंपनीने जोडून दिलेल्या खाजगी फायनान्सचा व्याजदर आधी याच्याशी ताडून बघा.

७. कोटेशन: इथे वेळ घालवा

निदान तीन कोटेशनं घ्या आणि ती किलोवॅटमागच्या किमतीत मांडा. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो हिशेबात उतरला आहे का ते बघा.

पुढच्या गोष्टी कोटेशनमध्ये नावानिशी हव्यात.

*पॅनेल.* कंपनी, मॉडेल, वॅट, आणि 'डीसीआर' हा शब्द. डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं. अनुदान फक्त यालाच मिळतं. नॉन-डीसीआर स्वस्त असतं आणि कोटेशन कमी दिसण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. मोनो पर्क की टॉपकॉन (हे पॅनेलमधल्या सेलचे दोन प्रकार) यावर डोकं फार शिणवू नका. टॉपकॉन उन्हाच्या तडाख्यात थोडं बरं टिकतं, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात किमतीत फार फरक नसेल तर ते घ्या. पॅनेल जितकं तापेल तितकी वीज कमी, २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के. चंद्रपूरचा मे महिना त्याला मानवत नाही.

*इन्व्हर्टर.* पॅनेलं २५ वर्षं चालतात, इन्व्हर्टर नाही. त्याची वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात, हे दोन प्रश्न विचारा. भिंतीवर बसवताना पश्चिमेच्या उन्हात नको, झोपायच्या खोलीत नको.

*अर्थिंग.* तीन स्वतंत्र हवेत: पॅनेलांकडच्या डीसी बाजूला एक, घराकडच्या एसी बाजूला एक, आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाला (लाइटनिंग अरेस्टर) एक. एकाच खड्ड्यात तीन वायरी सोडून देणारे आहेत. खड्डे खणताना तुम्ही घरी असा.

*केबल.* गच्चीवरून येणारी डीसी केबल पाइपातून आलेली असावी. उन्हात लोंबणाऱ्या केबलचं आवरण तडकतं आणि उंदीर-खारींना मेजवानी मिळते.

*देखभाल.* योजनेत पाच वर्षांची देखभाल व्हेंडरने करायची असते. "करू की" एवढ्यावर समाधान मानू नका, करारात किती फेऱ्या ते लिहून घ्या.

पैसे टप्प्यांनी द्या: थोडे करारावर, मोठा हिस्सा माल गच्चीवर आल्यावर, आणि शेवटचा दहाएक टक्क्यांचा हप्ता नेट मीटर लागल्यावर. हा शेवटचा हप्ता हातात असेल तरच व्हेंडर महावितरणच्या कार्यालयात हेलपाटे घालतो, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुदान तुमच्या खात्यात नंतर येतं, त्यामुळे पूर्ण रक्कम आधी उभी करावी लागते. "अनुदान वजा करून द्या, बाकीचं आम्ही बघतो" असा सौदा लेखी असल्याशिवाय करू नका.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. साधं ऑन-ग्रिड सोलर (महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बिनबॅटरीचं) लाइट गेल्यावर बंद पडतं, भर उन्हातही. बिघाड समजू नका. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून उलटा प्रवाह जाऊन शॉक बसू नये म्हणून ही सोय केलेली असते. लाइट वारंवार जाते तिथे जुना घरगुती इन्व्हर्टर-बॅटरी तशीच ठेवा, किंवा हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीचा वेगळा खर्च करा. हा खर्च सोयीसाठी आहे, बिल वाचवण्याच्या हिशेबात तो धरू नका.

८. बसवल्यापासून नेट मीटरपर्यंत

बसवण्याचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. वेळ पुढच्या कागदांना लागतो: व्हेंडर फोटो आणि पॅनेलांचे सिरीयल नंबर पोर्टलवर चढवतो, महावितरणचे लोक तपासणी करतात, नेट मीटर लागतं, पूर्ततेचा दाखला निघतो. मग पोर्टलवर बँक तपशील भरून अनुदानाची मागणी करायची, ते साधारण महिनाभरात जमा होतं. सिरीयल नंबरांची यादी स्वतःकडे ठेवा, वॉरंटीला तीच लागते.

नेट मीटर लागेपर्यंत संच चालू करू नका. "ऊन फुकट जातंय, चालू करून टाकू" असं कुणी म्हणेल. साध्या डिजिटल मीटरला वीज कुठल्या दिशेने गेली ते कळत नाही. बाहेर गेलेले युनिटही तो तुमच्या वापरात मोजू शकतो आणि बिल कमी होण्याऐवजी वाढतं.

मीटर बदलण्याच्या दिवशी तीन फोटो काढा: जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्या मीटरचं आयात-निर्यात रीडिंग, आणि सोलर निर्मितीच्या मीटरचं रीडिंग. पहिलं बिल चुकलं तर दाद मागताना हेच फोटो उपयोगी पडतात.

९. पहिलं सोलर बिल वाचणं

बिलावर आता दोन आकडे असतील, आयात आणि निर्यात. समजा सोलरने २४० युनिट तयार केले, त्यातले १५० बाहेर गेले आणि तुम्ही रात्री वगैरे मिळून १३० आत घेतले. तुमचा खरा वापर २४० वजा १५० अधिक १३०, म्हणजे २२० युनिट. निर्यात आयातीपेक्षा २० ने जास्त, म्हणून ऊर्जा आकार नाही. हे २० पुढच्या महिन्यात जमा, आणि भरायचा स्थिर आकार व किरकोळ बाकी. "२४० तयार झाले आणि बिलावर १५०च कसे?" म्हणून लोक व्हेंडरशी भांडतात. मधले ९० दिवसा घरातच वापरले गेले, ते मीटरपर्यंत पोचलेच नाहीत.

पहिलं एखाद-दुसरं बिल जुन्या पद्धतीने किंवा सरासरीने येऊ शकतं. घाबरू नका, पण गप्पही बसू नका. फोटो जोडून लेखी तक्रार द्या.

शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण ३१ मार्चपर्यंतच. तेव्हा उरलेले महावितरण कमी दराने घेतं आणि १ एप्रिलला खातं कोरं होतं. दुर्दैव असं की फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन चांगलं, वापर कमी, म्हणून शिल्लक साठते, आणि ती पुसली गेल्यावर लगेच एप्रिल-मेचा एसी सुरू होतो. तिसऱ्या पायरीत वापराहून मोठा संच नको म्हटलं, त्याचं हे दुसरं कारण.

पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर ही कामं दिवसा उरकायची सवय लावा. स्मार्ट टीओडी मीटर (कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं) आल्यापासून दिवसाच्या आणि रात्रीच्या युनिटचा भाव एकच राहील असं धरून चालता येत नाही. घरात तिथल्या तिथे वापरलेल्या युनिटला मात्र कुठलाच नियम लागत नाही.

१०. देखभाल

दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग बसतात, तिथे पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. पॅनेलवर पाय देऊ नका. पावसाळ्यात धुण्याची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्यावरही येते, त्यासाठी व्हेंडरला फोन करू नका. फोन कधी करायचा? मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा लक्षणीय कमी वीज आली तर. ॲपवर काहीच दिसत नसेल तर आधी वायफायचा पासवर्ड बदलला आहे का ते बघा.

११. फ्लॅटमध्ये राहत असाल तर

गच्ची सोसायटीची, त्यामुळे एकट्याने बसवणं भांडणाचं मूळ. त्यापेक्षा लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर सोलर घ्या. सोसायट्यांना या योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि ठरावात संचाची क्षमता, गच्चीचा नेमका भाग, खर्च कुठल्या निधीतून आणि देखभाल कोण बघणार हे चार मुद्दे येऊ द्या. गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचा करार चालू असेल तर त्यात जागेबद्दल काय लिहिलं आहे ते सभेआधी वाचा. वरच्या मजल्यावरच्या सभासदांना गळतीची भीती असते आणि ती रास्त असते. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन सोलरच्या कोटेशनसोबतच सभेपुढे ठेवलंत तर ठराव एका बैठकीत होऊ शकतो.